शिस्त

पहाटे पाचला आमच्या गावाबाहेरच्या माळावर पंधरा-वीस पोरं पळायला येतात. २०२० साली मी हवालदार म्हणून पेन्शन आलो, तेव्हापासून त्यांचा सराव मी घेतो. मागच्या महिन्यात धाव संपवून सगळे पाय ताणत बसले होते, तेव्हा त्यातल्या एकानं विचारलं, "काका, तुम्ही युनोत होता ना, आफ्रिकेत? तिथं किती गोळ्या झाडल्या?" मी खरं ते सांगितलं. एकही नाही. पोरगा गप्प झाला. त्याचा हिरमोड तोंडावर स्पष्ट दिसत होता. त्याला तिथल्या तिथं जे सांगायला हवं होतं ते मला जमलं नाही, म्हणून पहिल्यापासून लिहून काढतोय.

आमचं गाव खटाव तालुक्यातलं. पाऊस कमी, माळ जास्त. साताऱ्याकडच्या पोरांना फौज नवी नसते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले, तिथं त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. आमच्याच भावकीतले एक चुलत आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोन मराठा जवानांना जिथं व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तीच ती मोहीम. आजोबा लढाईचं काही बोलायचे नाहीत. बर्फाचं बोलायचे आणि तिथल्या द्राक्षांच्या मळ्यांचं बोलायचे. लहानपणी मला वाटायचं, यांना काही आठवत नसेल. आता कळतं की आठवत सगळं असणार.

भरतीला मी पहिल्यांदा गेलो तो १९९५ साली, आणि छातीवर अडकलो. छाती ७७ सेंटिमीटर लागायची आणि श्वास भरून पाच सेंटिमीटर वाढायला हवी होती. माझी ७५ भरली. टेप धरणाऱ्यानं हातानं बाजूला व्हायची खूण केली, संपलं. वर्षभर घरी आलेलं दूध आईनं डेअरीला न घालता मला पाजलं. शेंगदाणे, गूळ, जोर-बैठका, आणि विहिरीवरून बादल्या ओढणं. घरात पैसा येण्याचा तो एकच रस्ता होता आणि तो तिनं माझ्यासाठी वर्षभर बंद ठेवला.

१९९६ ला पुन्हा कोल्हापूर. रात्रीच्या एसटीनं गेलो, चपला उशाला घेऊन रस्त्याकडेला झोपलो. माझ्यासारखी हजारो पोरं तिथं पडलेली होती. तीन वाजता रांग लागली. उघड्या छातीवर शाईनं नंबर टाकला. १६०० मीटर, पाच मिनिटं चाळीस सेकंद. मी अनवाणी पळालो, कारण कॅनव्हासचा बूट फाटला होता आणि फाटक्या बुटापेक्षा सवयीचा पाय बरा. वेळ झाली की दोन जवान आडवी दोरी धरायचे. दोरीच्या अलीकडे राहिलेली पोरं तिथंच मटकन बसायची, काही जण रडायची. मी दोरीच्या पलीकडे होतो. मग बीमला लटकून दहा वेळा अंग वर खेचणं, नऊ फुटी खंदक, मेडिकल.

लेखी परीक्षेच्या आधी एकानं तात्यांना चहाच्या टपरीवर गाठलं. पैसे द्या, पोराचं नाव लागेल. तात्यांकडे विकण्यासारखी एक म्हैसच होती. त्यांनी त्याचा चहा प्यायला नाही. मला म्हणाले, "म्हस इकली आन् नाव न्हाई लागलं तर म्हस बी गेली. तू न्हाई लागलास तर फुडल्या वरसाला पुन्यांदा पळशील." परीक्षा पास झालो. आज पोरांना मी हेच सांगतो, असल्या माणसांच्या नादी लागू नका. किती बापांनी किती शेरडं-गुरं विकली याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

डिसेंबरात बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरला पोचलो. १७६८ साली उभी राहिलेली पलटण या रेजिमेंटमध्ये आजही आहे, हे पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेतात. काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर, डोक्यावर वस्तरा फिरवल्यासारखे केस, हातात मग आणि प्लेट. बाकी सगळा वेळ पळणं. लाइट इन्फंट्रीचं कदम मिनिटाला १४० चं असतं. पहिले दोन महिने झोपेतसुद्धा पाय चालायचे. बराकीत मराठी, परेडवर हिंदी. "दाहिने मुड" ऐकून डावीकडे वळणारा एकटा मीच नव्हतो, पण रगडा ज्याला लागतो त्याला तो एकट्यालाच लागल्यासारखा वाटतो.

आमचे उस्ताद मूळचे चंदगडकडचे. त्यांनी पहिल्यांदा रायफल हातात दिली आणि म्हणाले, "आज शिस्त लेना सीखेंगे." मला वाटलं, पुन्हा शिक्षा आहे. कारण शिस्त म्हणजे आपल्याकडे गप्प बसणं, रांगेत उभं राहणं, मास्तरांची छडी. फौजेच्या हिंदीत मात्र शिस्त घेणं म्हणजे नेम धरणं. बॅकसाइटच्या मधोमध फोरसाइटचं टोक आणि ते टोक टार्गेटवर, एका सरळ रेषेत. आपल्या जुन्या मराठीतसुद्धा शिस्त म्हणजे नेमच. गवंडी भिंतीला शिस्त लावतो तो याच अर्थानं. एकाच शब्दात नेमही बसतो आणि स्वतःवरचा ताबाही बसतो, हे मला तिथं पहिल्यांदा लक्षात आलं, आणि पुढची २४ वर्षं मी त्या एकाच शब्दावर नोकरी केली असं म्हटलं तरी चालेल.

त्या शिकवणीतली एक गोष्ट अजून बोटांत आहे. रायफल रिकामी. पालथं पडून पोझिशन घ्यायची. उस्ताद नळीच्या टोकाशी एक रुपयाचं नाणं आडवं ठेवायचे. श्वास घ्या, अर्धा सोडा, रोका. ट्रिगरला दोन खेच असतात. पहिली खेच म्हणजे ढिलाई काढणं. तिथं बोट थांबवायचं. मग दुसरी खेच, इतकी हळू की खटका कधी पडला हे आपल्यालाही कळू नये. खटका पडला आणि नाणं जागेवर राहिलं तर पास. नाणं मातीत पडलं तर पुन्हा. सकाळच्या चार तासांत माझं नाणं दोनदा राहिलं. कोपरं सोलून निघाली होती, त्यात बेळगावची तांबडी माती गेली होती, आणि मी डोळे बारीक करून त्या रुपयाकडे बघत होतो. त्या पहिल्या आणि दुसऱ्या खेचीच्या मधली जागा गव्हाच्या दाण्याएवढीही नसेल. पण तिथं थांबता येणं म्हणजेच सगळं, असं उस्ताद म्हणायचे.

मी तिथं थांबलो नाही, असं एकदा झालं. रेंजवर खऱ्या गोळ्यांचं फायरिंग होतं. "फायर रोक" असा हुकूम आला आणि माझी गोळी त्यानंतर गेली. पाव सेकंदाचा फरक असेल. टार्गेटजवळच्या बांधाआड कुणी नव्हतं, टार्गेट उभं होतं, कुणाला काही झालं नाही. पण रेंजवर जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. वाटलं, आता कातडी सोलतील. उस्तादांनी आवाजही चढवला नाही. रायफल रिकामी करून घेतली, मला रेंजच्या कडेला आंब्याखाली पालथं पाडलं आणि म्हणाले, "शिस्त लो. ट्रिगर को हाथ नहीं लगाना." दुपारपासून सूर्य मावळेपर्यंत मी शिस्त घेऊन पडलो होतो. मुंग्या चावत होत्या, टार्गेट अंधारात बुडत चाललं होतं. शेवटी ते शेजारी येऊन बसले आणि पहिल्यांदाच मराठीत बोलले. "गोळी सुटली की ती तुझी नाही राहत. सुटायच्या आधी तेवढी तुझी असते."

कसम परेडला तात्या आणि आई आले. आई जिल्ह्याच्या बाहेर पहिल्यांदाच निघाली होती. बँड, घोषणा, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" या गर्जनेनं मैदान हललं. आईनं नंतर फक्त माझी कोपरं बघितली, दोन्हीवर काळे घट्टे पडले होते.

पुढची अकरा वर्षं मी इथं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर लिहायचं तर वेगळं लिहावं लागेल. काश्मीर खोऱ्यात दोनदा. २००१ च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रममध्ये आम्ही राजस्थानच्या सरहद्दीवर वाळूत दहा महिने बसलो. मधल्या काळात लग्न झालं, मुलगी झाली, नाईक झालो, हवालदार झालो. काश्मिरात गोळ्या झाडल्या, आणि आमच्यावरही झाडल्या गेल्या. पण गोळी न झाडणं किती जड असतं, ते मला काश्मिरात कळलं नाही. ते काँगोत कळलं.

२००८ साली युनोच्या शांतिसेनेत काँगोला निघालेल्या एका पलटणीत माणसं कमी पडत होती, म्हणून वेगवेगळ्या युनिटांतून काही जण जोडून दिले, त्यात मी. पलटण आमची नव्हती, जवान बहुतेक पहाडी. दिल्लीत आधी ट्रेनिंग झालं. पिवळ्या तापाची लस, मलेरियाच्या गोळ्या, आणि वर्ग. गोळी कधी चालवायची याचे नियम एका छोट्या कार्डावर छापून प्रत्येकाच्या खिशात. आधी आवाज द्यायचा, मग इशारा, आणि अगदी शेवटी, स्वतःचा किंवा आपल्या भरवशावर असलेल्या माणसाचा जीव जायची वेळ आली तर गोळी. "सिमामा" हा पहिला स्वाहिली शब्द मी त्या वर्गात शिकलो. त्याचा अर्थ थांब.

मे महिन्यात एन्टेबेमार्गे गोमाला उतरलो. गोमा हे किवू सरोवराच्या काठावरचं शहर, पूर्व काँगोच्या अगदी कडेला, पलीकडे रवांडा. उत्तरेला न्यिरागोंगो ज्वालामुखी. २००२ च्या जानेवारीत त्याचा लाव्हा थेट शहरातून वाहत सरोवराकडे गेला होता, विमानतळाच्या धावपट्टीचं एक टोकही त्याखाली गाडलं गेलं. आम्ही गेलो तेव्हा लोकांनी त्याच थंड झालेल्या लाव्ह्यावर पुन्हा घरं बांधली होती. जमीन काळी, खडबडीत, डांबर सांडून वाळल्यासारखी. रात्री डोंगराच्या माथ्यावरचे ढग खालून लाल दिसायचे. पहिले काही दिवस पहाऱ्यावर माझं लक्ष तिकडेच जायचं.

माणसं मात्र लवकर ओळखीची झाली, ती त्यांच्या भाषेमुळे. स्वाहिलीत गाडीला गारी म्हणतात, चहाला चाई, चपातीला चपातीच. साबण म्हणजे साबुनी, औषध म्हणजे दावा, हिशोब म्हणजे हेसाबू, आणि बंदूक म्हणजे बुंदुकी. अरबी व्यापाऱ्यांबरोबर आणि आपल्याकडून गेलेल्या लोकांबरोबर हे शब्द तिकडे पोचले. पाण्याला ते माजी म्हणतात. गाडी थांबली की पोरं धावत यायची आणि हात पुढे करून ओरडायची, "माजी! माजी!" मला ते प्रत्येक वेळी "माझी" असंच ऐकू यायचं. चुकुडू नावाची लाकडी दुचाकी असते तिकडे, चाकंसुद्धा लाकडाची. त्यावर बटाट्यांची पाच-सहा पोती लादून माणसं उतारावरून सुसाट येतात. मासिसीचे डोंगर पाहिले तर पावसाळ्यातला पाचगणीकडचा घाट आठवावा, इतके हिरवे. असल्या मुलखात माणसांनी इतकं सोसावं याचं फार वाईट वाटायचं.

घरी फोन शनिवारी. आपली घड्याळं त्यांच्या साडेतीन तास पुढे. मी सकाळी सहाला फोन लावला की घरी साडेनऊ झालेले असायचे, मुलगी शाळेला निघालेली असायची. "बाबा, तिकडं अजून रात्रच हाय का?" असं ती दर वेळी विचारायची.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळं बदललं. बंडखोर जनरल न्कुंडाची फौज रुत्शुरूच्या बाजूनं गोमाकडे निघाली, सरकारी फौजेचे पाय निघाले, आणि रस्ता माणसांनी भरला. मी शब्दशः सांगतो, डांबर दिसत नव्हतं. डोक्यावर गाद्या, पाठीला बांधलेली पोरं, शेळ्या, भांडी. एका माणसानं चुकुडूवर शिलाई मशिन बांधलं होतं आणि त्यावर म्हातारी आई बसवली होती. त्या गर्दीतून पळणारे सरकारी सैनिकही होते, आणि त्यांच्यातल्या काहींची लोकांनाच भीती होती.

त्या दिवशी आमच्या दोन पांढऱ्या गाड्या उत्तरेकडून गोमाकडे येत होत्या. मागच्या गाडीत एक जखमी होता. त्याला गोमाच्या आपल्या भारतीय फील्ड हॉस्पिटलात पोचवायचं होतं. पण रस्त्यावरच्या माणसाला काय दिसणार? ज्यांनी आम्हाला राखायचं, तेच शहराकडे पळतायत, एवढंच. एका वळणावर गर्दीनं गाड्या अडवल्या. ओरडा सुरू झाला. सगळं कळत नव्हतं, एक शब्द कळत होता, न्युम्बानी. न्युम्बानी म्हणजे घर. घरी जा, असं ते म्हणत होते. मग दगड आले.

लाव्ह्याचा दगड वजनाला हलका असतो, त्याला भोकं असतात, पण कडा फुटक्या काचेसारख्या. पहिला बॉनेटवर, दुसरा काचेवर. मी दार उघडून पाय खाली ठेवला आणि तिसरा माझ्या डाव्या भुवईवर बसला, हेल्मेटच्या काठाच्या खाली. डोळ्यात रक्त उतरलं. माझ्या मागे एकवीस वर्षांचा जवान उतरला होता. मला त्याची रायफल दिसली नाही, ऐकू आली. सेफ्टी खाली आल्याचा तो बारीक खटका. फौजेतला माणूस तो आवाज झोपेतही ओळखतो.

मी वळलो. रायफलचा बट त्याच्या खांद्यात होता, गाल टेकलेला, शिस्त पूर्ण. समोर पंधरा पावलांवर फाटक्या निळ्या बनियनमधला एक पोरगा, दगड उगारलेला. जवानाचं बोट ट्रिगरवर होतं आणि ढिलाई निघालेली होती, हे मला त्याच्या बोटाच्या पेरावरून दिसलं. पेर पांढरं पडलं होतं. मी नळीवर हात ठेवला. जोरात नाही. जोरात ठेवला असता तर खटका पडला असता. त्याच्या कानाशी म्हणालो, "सास छोड़, बेटा. पूरी छोड़." तो थरथरत होता. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग नळी माझ्या हाताखाली हळूहळू खाली गेली. सेफ्टी वर गेल्याचा खटका आला. समोरच्या पोरानं दगड मारला नाही. त्यानं तो हातातच ठेवला, आणि माझ्या रक्ताकडे बघत राहिला.

मी मागच्या गाडीचं दार उघडून आतला जखमी दाखवला. "दावा, दावा," एवढंच म्हणत राहिलो. एका बाईनं आत डोकावून पाहिलं आणि मागे वळून काहीतरी ओरडली. गर्दी एका बाजूनं थोडी सरकली, गाडी जाईल एवढीच. माझ्या भुवईला तीन टाके पडले.

त्या लोकांचा राग चुकीचा होता असं मी कधीच म्हणणार नाही. २९ ऑक्टोबरला गोमाच्या वेशीवर युद्धबंदी जाहीर झाली, शहर वाचलं. पण पुढच्याच आठवड्यात उत्तरेला किवांजात दीडशेच्या आसपास माणसं मारली गेली. आमची तुकडी तिथं नव्हती. पण निळं हेल्मेट एकच असतं, ते कुणाच्या डोक्यावर होतं हे मेलेल्याच्या बायकोला काय कामाचं? गोळी रोखून धरणं वेगळं आणि माणसं मरत असताना जागेवर उभं राहणं वेगळं. या दोन्हींमधली रेघ कार्डावर छापलेली असते, प्रत्यक्ष जमिनीवर ती शोधावी लागते. मी माझ्या वळणावर बरोबर वागलो याची मला खात्री आहे. सगळीकडे सगळं बरोबर झालं असं म्हणायची माझी तयारी नाही, आणि ही गोष्ट मला आजही रात्री जागवते.

नोव्हेंबरभर आमचं काम किबातीला होतं, गोमाच्या अगदी उत्तरेला. हजारो कुटुंबं उघड्यावर आली होती. काळ्या दगडावर केळीच्या पानांच्या झोपड्या, त्यावर जमलं तर प्लास्टिकचा कागद. रोज दुपारी पाऊस. आणि तरी प्यायला पाणी नाही. एवढं मोठं सरोवर काही मैलांवर, पण लाव्ह्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही, विहीर लागत नाही. कॉलरा सुरू झाला होता. मदत संस्थांचे टँकर यायचे आणि आम्ही रस्ता राखायचो. बायका जळणाला रानात जायच्या तेव्हा गस्तही घालायचो, कारण एकट्यादुकट्या बाईचं तिथं काय व्हायचं ते साऱ्यांना माहीत होतं.

टँकरसाठी रांग असायची ती माणसांची नव्हे, पिवळ्या कॅनची. वीस लिटरचे, तेलाचे जुने कॅन. पहाटेच नंबरात ठेवलेले, प्रत्येकाला ओळखीसाठी चिंधी नाहीतर दोरा बांधलेला. मी पहिल्या दिवशी ती रांग पाहिली आणि पाय थबकले. आमच्या गावात मे महिन्यात मारुतीच्या देवळापासून थेट ग्रामपंचायतीपर्यंत अशीच रांग लागते. तिथं हंडे-कळश्या असतात, एवढाच फरक. टँकर आला की मागची रेटारेटी, नंबर मोडणाऱ्याशी भांडण, सांडलेल्या पाण्यासाठी पोरांनी खाली लावलेले डबे, यातलं मला काही नवीन नव्हतं. कुठं उभं राहिलं म्हणजे चेंगराचेंगरी होत नाही, हे मला शिकवायला कुणी लागलं नाही. म्हाताऱ्यांचे कॅन वेगळे काढायला लावले, पोरांना एका बाजूला बसवलं. आमच्याबरोबरचे जवान विचारायचे, साब, ये सब आपको कैसे पता. काय सांगणार?

एक म्हातारी रोज यायची. एकदा तिचा कॅन मी उचलून तिच्या पाठीला लावून दिला. पट्टा त्या कपाळावर घेतात, ओझं पाठीवर. तिनं वाकूनच वर बघितलं, माझ्या भुवईवरचे टाके पाहिले आणि म्हणाली, "पोले." म्हणजे, फार सोसलंस रे. ते टाके कशानं पडले हे तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं. तिचं घर रुत्शुरूकडे कुठंतरी मागे राहिलं होतं आणि ती मला पोले म्हणत होती. मी गाडीच्या पलीकडे जाऊन जरा वेळ उभा राहिलो.

तो जवान, ज्याच्या नळीवर मी हात ठेवला होता, त्याच्याशी त्या दिवसाबद्दल मी फक्त एकदा बोललो. त्यानंच विषय काढला. म्हणाला, "उस्ताद, मैंने सेफ्टी खोल दी थी." मी म्हणालो, मला ऐकू आलं होतं. त्याला मी बेळगावच्या आंब्याखालची माझी संध्याकाळ सांगितली.

मे २००९ मध्ये आमची पाळी संपली. निघायच्या आदल्या दिवशी गोमात हत्यारं आणि दारूगोळा जमा केला. चार मॅगझिन, प्रत्येकी वीस राउंड. कोत, म्हणजे हत्यारखाना, सांभाळणाऱ्या एनसीओनं सगळे राउंड काढून लाकडी पट्टीवर ओळीनं उभे केले आणि बोटानं मोजले. ऐंशी. सही केली. पितळ घामानं आणि हातानं काळं पडलं होतं. वर्षभर तीच गोळी रोज सकाळी भरायची, रोज रात्री काढायची, पुसायची, परत भरायची.

सुट्टीवर गावी आलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. एसटीतून ट्रंक उतरवून घेतली, घरापर्यंत गेलो तर घराला कडी. शेजारच्या पोरानं सांगितलं, टँकर आलाय. ट्रंक खांद्यावर घेऊन तसाच देवळाकडे गेलो. आई रांगेत होती. तिनं कळशी खाली ठेवली, दोन पावलं पुढं आली आणि माझ्या भुवईवर अंगठा फिरवला.

"ह्ये काय?"

"दगड लागला."

"कुणी मारला?"

"माणसं पळत हुती आई, त्यात लागला."

तिनं पुढं विचारलं नाही. मागून कुणीतरी ओरडलं, अरे फौजी आलाय, त्याच्या आईला पुढं घ्या. मी हात करून नको म्हणालो. आमच्या पुढं अकरा हंडे होते. टँकरवाल्यानं पाइप सोडला, पाणी धुळीत उसळलं आणि रांग हलली.

"ती पेटी सावलीला सरकव," आई म्हणाली, "आन् हा हंडा धर."